‘बघतो म्हणाले’ याची पोहोच मिळत नाही

पालिकेत आपला विषय कसा मांडायचा, यावर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली, आणि निम्म्यांचा सूर एकच आहे : निवेदन दिलं, साहेब ‘बघतो’ म्हणाले, आता पुढं काय? यात लोकांचा तरी काय दोष? मार्च 2022 मध्ये सोलापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. तिथपासून 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती, दोन्हींचे अधिकार प्रशासकांच्या एकाच खुर्चीत होते. निवेदन घेऊन एकाच दारात उभं राहायची सवय लागली. आता पुन्हा 102 नगरसेवक आलेत, समित्या आल्यात, आणि कुठलं दार ठोठवायचं हेच आठवेना.

माझी नोकरी नगरसचिव कार्यालयात गेली. विषयपत्रिका लावायच्या, सभेत बसून टिपणं घ्यायची, इतिवृत्त लिहायचं. त्यामुळं आतून जसं दिसतं तसंच सांगणार. जागेअभावी पत्रं थोडी आवरली आहेत, कुणाचं नाव छापलेलं नाही.

प्रश्न : जुळे सोलापुरात आमची कॉलनी आहे. ले-आउटमध्ये ओपन स्पेस सोडलेला आहे, पण आज तिथं वेड्या बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा. बाग, चालायला ट्रॅक आणि मुलांसाठी छोटी अभ्यासिका करावी असं निवेदन आम्ही सह्यांसकट दिलं. ‘सदर जागा हस्तांतरित नसल्याने कार्यवाही करता येत नाही’ असं उत्तर आलं. आता काहीजण म्हणतात, तोवर एक मंदिर बांधून टाकू, म्हणजे जागा तरी वाचेल. काय करावं? (निवृत्त शिक्षक)

सर, उत्तर तुटक आहे, पण खोटं नाही. शहराची हद्दवाढ झाली 1992 मध्ये. त्या काळातले बरेच ले-आउट बिनशेती आदेशावर, म्हणजे शेतजमिनीवर घरं बांधायच्या परवानगीवर, पडले. नकाशात ओपन स्पेस हिरव्या रंगात दाखवला, प्लॉट विकले गेले, घरं उभी राहिली, आणि त्या हिरव्या चौकोनाचा सातबारा राहिला मूळ मालकाच्याच नावावर. मालक वारले, वारसांची नावं चढली. आता स्वतःच्या नावावर नसलेल्या जागेवर पालिकेनं बाग केली तर लेखापरीक्षणात पहिला आक्षेप तोच निघतो. तुमच्या फायलीवर कनिष्ठ अभियंत्यानं लिहिलं असेल ‘जागेची मालकी तपासावी’, आणि तिथंच तिचा प्रवास संपला असेल.

म्हणून बागेचं तूर्त विसरा. आधी कागद. नगररचना विभागातून मंजूर ले-आउटची प्रमाणित प्रत काढा. बिनशेती आदेशाची प्रत काढा, त्यातल्या अटी नीट वाचा. ओपन स्पेस कुणाच्या ताब्यात द्यायचा हे बऱ्याचदा तिथं लिहिलेलं असतं आणि कुणी वाचलेलं नसतं. मग चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका. हे तीन कागद शेजारी ठेवले की गोम कुठं आहे ते तुम्हालाच दिसेल. गट नंबर जुळत नसेल, क्षेत्रात फरक असेल, तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. मोजणीची फी कॉलनीनं वर्गणी काढून भरावी, कारण हा खर्च दुसरं कुणी करणार नाही.

त्यानंतरचं निवेदन वेगळं लिहायचं. मी तुमचं जुनं निवेदन वाचलं. ‘ज्येष्ठ नागरिकांची कुचंबणा’, ‘बालगोपाळांचे भवितव्य’... भाषा सुंदर आहे, शिक्षकाची आहे, पण तिच्यावर टिपणी, म्हणजे फायलीतली कार्यालयीन नोंद, लिहिता येत नाही. कारकुनाला विषय लागतो. असा : ‘मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, मंजूर ले-आउटमधील अमुक चौरस मीटर खुली जागा महानगरपालिकेच्या नावे नोंद होऊन ताब्यात घेणेबाबत.’ खाली चार ओळी, सोबत तिन्ही कागद आणि मोजणीचा नकाशा. एवढंच. बाग, ट्रॅक, अभ्यासिका हा दुसरा अर्ज, जागा नावावर लागल्यानंतरचा. दोन्ही एकत्र मागितलं की एकात खोट निघते आणि दुसरंही तिच्याबरोबर बुडतं.

अभ्यासिकेबद्दल. 2020 ला लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ओपन स्पेसवर वाचनालय, व्यायामशाळा अशा वापरासाठी मर्यादित बांधकाम चालतं, खुल्या जागेच्या जास्तीत जास्त 15 टक्के. तेव्हा अभ्यासिका मागा, पण ‘बहुउद्देशीय सभागृह’ मागू नका. मी पाहिलेल्या अशा बऱ्याच सभागृहांत वर्षभरात लग्नाचे मांडव पडले आणि शेजारच्यांनीच तक्रारी केल्या.

आणि मंदिराचं मनातून काढून टाका. सार्वजनिक जागांवर धर्माच्या नावानं विनापरवाना बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. त्यानंतरच्या अशा बांधकामाला पाठीशी घालणं कुठल्याही अधिकाऱ्याला जड जातं. जागा वाचवायला मंदिर बांधाल आणि उद्या ते पाडायला लागलं की कॉलनीत दोन तट पडतील. कुंपण घाला, तेही नावावर लागल्यावर.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवक. गटारीचं काम घेऊन एकाकडे गेलो तर म्हणाले, ‘तो भाग माझ्याकडे नाही.’ दुसऱ्यांकडे गेलो तर ते पहिल्यांचं नाव सांगतात. कायद्यानं कोण जबाबदार? (किराणा दुकानदार, भवानी पेठ)

चौघंही. आपल्याकडं 26 प्रभाग, त्यातले 24 चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. तुम्ही चार बटणं दाबलीत, तेव्हा चौघंही तुमच्या अख्ख्या प्रभागाचे. ‘माझा भाग, तुझा भाग’ ही त्यांची आपापसातली वाटणी असते; कायद्याच्या पुस्तकात ती नाही. पुस्तकात आहे ती क्षेत्रसभा. 2009 च्या दुरुस्तीनं महापालिका कायद्यात 29-अ च्या पुढं कलमं घातली गेली, काही मतदान केंद्रांच्या मतदारांची मिळून एक क्षेत्रसभा आणि तिचा अध्यक्ष नगरसेवक, अशी. गावाला ग्रामसभा तशी शहराला ही. ती तुमच्याकडं व्हावी असं वाटत असेल तर चौघांना लेखी मागणी करा.

पण गटारीसाठी तेवढं थांबू नका. एकच पत्र लिहा, चौघांची नावं एकाखाली एक घाला, प्रत विभागीय कार्यालयाला द्या आणि पत्रात स्पष्ट लिहा की प्रत चौघांना दिली आहे. चार नावं एका कागदावर दिसली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं आधी काम करून फ्लेक्स लावू नये. हे माझं मत नव्हे, मी पाहिलेलं आहे.

प्रश्न : नीलमनगरात राहतो. मालक यंत्रमागावर रातपाळीला, मी विड्या वळते. आमच्या गल्लीला पाणी रात्री दोनच्या पुढं येतं. दिवसा आठच्या नंतर यावं असा ठराव सभेत करून घेता येईल का ताई? (एक विडी कामगार)

ठराव नको बाई. ठरावानं पाणी येत नाही, आणि वेळ बदलणं हे सभेचं कामच नाही.

हे कसं चालतं ते सांगते. शहराचं मुख्य पाणी उजनीहून येतं, शंभरावर किलोमीटरच्या पाइपातून. शिवाय टाकळीला भीमेवरून आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून. ते आधी जलकुंभात चढतं. कुंभ पुरेसा भरला की चावीवाला एकेका भागाचा व्हॉल्व्ह ठरल्या क्रमानं खोलतो. एक भाग बंद केल्याशिवाय दुसऱ्याला दाब मिळत नाही. उजनीकडं वीज गेली, कुंभ उशिरा भरला, की पुढचा सगळा क्रम घसरतो, आणि शेवटच्या गल्लीची वेळ मध्यरात्रीवर जाते. म्हणजे तुम्हाला सकाळी आठला पाणी हवं असेल, तर आज ज्यांना आठला मिळतं त्यांनी दोनला उठायला हवं. कुठलाही उपअभियंता हे मनानं करणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी ती गल्ली घागरी घेऊन त्याच्या दारात.

वाट आहे ती फिरत्या क्रमाची. तुमच्या जलकुंभावर किती भाग आहेत आणि त्यांचा क्रम काय, हे आधी चावीवाल्यालाच विचारा. साहेबांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. मग ज्या गल्लीची वेळ चांगली आहे तिथल्या बायकांशी बोला : एक महिना आमचा नंबर आधी, एक महिना तुमचा. त्यांच्याकडंही रातपाळीवाली घरं असतील, लहान लेकरं असतील. दोन्ही गल्ल्यांच्या सह्या एका अर्जावर घ्या आणि पाणीपुरवठ्याच्या विभागीय कार्यालयात द्या. भांडण नसलेला अर्ज तिथं क्वचित येतो. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा चालतो, शेजारी नाव लिहा. कुणी ‘दिवसाआड पाण्याचा ठराव आणतो’ म्हणालं तर आणू दे बापडा, पण तुमची वेळ त्यात अडकवू नका. दिवसाआड हा पाइप, कुंभ आणि वितरणाच्या जाळ्याचा प्रश्न आहे. त्याचे आकडे कोटींत असतात आणि मुदती वर्षांत.

प्रश्न : शाळेसमोर गतिरोधक हवा. किती मोठा मागावा?

मोठा मागू नका. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापानं तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, आधी सूचनाफलक आणि वर पांढरे पट्टे. गल्लीतली पोरं सिमेंटची उभट वरवंटी घालतात तिनं गाडी आपटते, कंबर मोडते आणि वेग मात्र त्याच जागी थोडा कमी होतो. अर्जाची एक प्रत वाहतूक शाखेला द्या. त्यांचा अभिप्राय मागवण्यात महिना जातो, तो वाचेल.

प्रश्न : आम्ही पन्नासजणांच्या सह्यांचं निवेदन लोकशाही दिनाला दिलं. स्वीकारलं नाही. हा अन्याय नाही का? (नागरिक मंच, विजापूर रोड)

नियम तसाच आहे. आयुक्तांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. न्यायप्रविष्ट प्रकरण चालत नाही, नोकरीविषयक चालत नाही. पन्नासजणांचं निवेदन तिथं बसत नाही, मग विषय कितीही खरा असो. पन्नासातला एकजण निवडा, ज्याच्या घरात पावसाचं पाणी शिरतं असा. त्यानं स्वतःचा मिळकत क्रमांक टाकून, स्वतःच्या घरापुरता अर्ज करावा. नाला सगळ्यांचाच साफ होईल.

प्रश्न : आमच्या रस्त्याचा विषय सभेत मंजूर झाला, पेपरात फोटोही आला. रस्ता काही आला नाही. आता कुणाला विचारायचं? (वाचक, बाळीवेस)

सभागृहातलं एक गुपित सांगते. ज्या ठरावाला पैसा लागत नाही तो सगळ्यात लवकर होतो. चौकाला नाव द्यायचं असेल तर सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, पुढचा विषय. फलकाचा खर्च तेवढा. रस्त्याच्या ठरावात मात्र शेवटी बारीक अक्षरात एक वाक्य असतं : ‘आर्थिक तरतुदीच्या अधीन राहून.’ तुमच्या ठरावात ते आहे का बघा. असेल तर सभेनं ‘हो’ म्हटलंय, तिजोरीनं अजून नाही.

ठरावानंतर त्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, लेखाशीर्षावर (म्हणजे खर्चाच्या खात्यावर) तरतूद, निविदा, मग रकमेप्रमाणं स्थायी समिती, आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र. स्थायीत 16 सदस्य असतात. फाईल या पायऱ्यांवर कुठंतरी बसलेली असते, आणि ‘काम कधी होणार’ विचारलं की ‘प्रक्रिया सुरू आहे’ हेच उत्तर येतं. तेव्हा ‘कधी’ विचारू नका. माहितीच्या अधिकारात ठराव क्रमांक देऊन प्रत्येक पायरीची तारीख आणि लेखाशीर्ष विचारा. महाराष्ट्रात अर्जाचा मजकूर 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. जी तारीख कोरी येईल तिथं फाईल आहे. तेवढीच खुर्ची गाठायची.

त्याहून सोपं एक आहे आणि फार कमी लोक वापरतात. सामान्य प्रशासन विभागाच्या 2018 च्या परिपत्रकानं नागरिकांना दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायची सोय करून दिली. जा, फाईल मागा, टिपणीची बाजू वाचा. पत्रव्यवहाराची बाजू सगळे चाळतात. खरं काय ते टिपणीत असतं, हिरव्या आणि लाल शाईत. कुणी काय शेरा मारला ते तिथं कळतं. मोबाइलवर फोटो काढण्याआधी विचारा, उगाच वाद नको.

आणि पुढच्या वर्षासाठी सांगते : मार्चमध्ये धावाधाव करू नका. तेव्हा पालिकेचं वर्षाचं अंदाजपत्रक छापून झालेलं असतं. खात्यांकडून मागण्या जमतात त्या दिवाळीच्या आगेमागे. रस्त्याचा अर्ज तेव्हा गेला पाहिजे.

प्रश्न : मंगळवार बाजारात भाजी विकते. सकाळी सहाला घर सोडते, संध्याकाळी पोचते. बायकांना जायला जागा नाही, म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. अर्ज लिहून द्यायला कुणी नाही. (हे पत्र तिच्या मुलीनं लिहिलंय)

बाई, अर्ज मी लिहिला आहे आणि तुमच्या मुलीच्या पत्त्यावर पाठवला आहे. त्यात काय घातलं ते इथं सांगते, म्हणजे दुसऱ्या बाजारातल्या बायकांना उपयोग होईल.

बायकांचं स्वच्छतागृह कुणालाच नको असतं असं नाही, ते सगळ्यांना हवं असतं, फक्त आपल्या दुकानाशेजारी नको असतं. असे प्रस्ताव मी टेबलावरून जाताना पाहिलेत. पैशावरून थोडे अडले. जागेवरून अडले ते बरेच. पाहणीला अभियंता येतो, तीनचार दुकानदार गोळा होतात, तो ‘जागेबाबत स्थानिकांचा विरोध’ लिहून परत जातो. म्हणून अर्जात एक नाही, तीन जागा सुचवल्या आहेत. तिन्ही पालिकेच्या ताब्यातल्या असाव्यात आणि ड्रेनेजची लाइन जवळ असावी. तुम्ही बायकांनी बाजारात फिरून त्या ठरवायच्या, मी अर्जात मोकळी जागा ठेवली आहे. अंधारा कोपरा निवडू नका, ‘तिथं कुणी हरकत घेणार नाही’ असं कुणी सांगितलं तरी. तिथं बाई जाणार नाही आणि वर्षभरात कुलूप लागेल.

अर्जात पाणी कुठून, साफसफाई कोण करणार आणि दार किती वाजता उघडणार, हेही लिहिलं आहे. बाजार सहाला भरतो आणि कुलूप दहाला उघडतं, असं नको.

दुसरी गोष्ट. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं शहर फेरीवाला समिती असते. आयुक्त अध्यक्ष, आणि 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच निवडून आलेले, त्यात एकतृतीयांश बायका. तिथं तुमची प्रतिनिधी कोण आहे ते शोधा. स्वच्छतागृहाचा विषय त्या समितीच्या इतिवृत्तात एकदा आला की तो ‘एका भाजीवालीचा अर्ज’ राहत नाही. त्या समितीच्या मतदार यादीत तुमचं नाव आहे का, म्हणजे सर्वेक्षणात तुमची नोंद झाली का, हेही बघून घ्या. विक्रेता म्हणून प्रमाणपत्र नसेल तर आधी ते.

एक अडचण मात्र आहे. दुकानदारांचा विरोध अर्जानं मोडत नाही. पाहणीच्या दिवशी निदान वीसपंचवीस बायका तिथं उभ्या पाहिजेत, धंदा तासभर सोडून. अभियंता कधी येणार हे कार्यालयातून आधी कळवत नाहीत बहुधा. मुलीला फोन करत राहायला सांगा.

प्रश्न : काकू, मी दयानंद कॉलेजात शिकतो, राज्यशास्त्र. सर्वसाधारण सभा बघायला बाहेरच्या माणसाला जाता येतं का? पास लागतो का?

ये की. सभा कायद्यानं जनतेला खुली असते; सदस्यांनी बहुमतानं बंद ठेवायची ठरवली तरच बाहेर काढतात. स्थायी समितीला मात्र बसू देत नाहीत. महिन्यात निदान एक सर्वसाधारण सभा 20 तारखेच्या आत घ्यावी लागते आणि सूचना सात पूर्ण दिवस आधी निघते, तेव्हा तारीख नगरसचिव कार्यालयात विचार. प्रवेशाची त्या वेळची पद्धत तिथंच कळेल. ओळखपत्र जवळ ठेव.

विषयपत्रिका आधी मिळवून वाच, नाहीतर काही कळायचं नाही. सभा वेळेवर सुरू होत नाही. पहिला अर्धा तास श्रद्धांजली आणि अभिनंदनात जातो. मग कुणीतरी पाण्यावरून उठतं, आणि विषयपत्रिकेवर नसलेलं सगळं तिथं बोललं जातं. ते ऐकण्यासारखं असतं, पण तू लक्ष ठेव शेवटच्या तासावर. जेवणाची वेळ टळलेली असते, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि विषय क्रमांक दहा ते चाळीस भराभर वाचले जातात. ‘मंजूर’, ‘तहकूब’, ‘दफ्तरी दाखल’. हातात विषयपत्रिका धर आणि प्रत्येकापुढं काय झालं ते पेन्सिलीनं लिही. महिन्याभरानं इतिवृत्त कायम, म्हणजे मंजूर, झालं की ताडून बघ. फरक सापडला तर मला कळव, पुढच्या अंकात छापू.